‘समर्थ साथ’ खोडल्यानंतर

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत एक अलिखित नियम आहे. ज्याचं अक्षर बरं त्याच्या गळ्यात इतिवृत्त, आणि ज्याच्या गळ्यात इतिवृत्त त्याच्याच गळ्यात मानपत्र. त्यामुळे ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीच्या कार्यक्रमात भाऊ आणि ताईंचा सत्कार करायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावली. हातात पंधरा-सोळा दिवस होते. आजवर मी आठ-दहा मानपत्रं लिहिली असतील. एका बैठकीचं काम, असा माझा समज होता.

भाऊ आणि ताई हे नवरा-बायको. वस्तीतला प्रत्येक जण एकाला भाऊ म्हणतो आणि दुसरीला ताई, त्यामुळे नवख्या माणसाला ती भावंडंच वाटतात. भाऊ पोस्टमन म्हणून निवृत्त झाले, ताई अंगणवाडी सेविका म्हणून. गेली बरीच वर्षं दोघं मिळून एकच काम करतात: वस्तीतल्या मुलांचे ‘पंचवीस टक्क्यां’चे फॉर्म भरून देणं. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यातल्या कलम १२ (१) (सी) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात, फी न घेता. कायदा वाचायला सोपा आहे. फॉर्म भरायला नाही.

सत्काराची संमती घ्यायला गेलो तर ताई सरळ नाही म्हणाल्या. ‘सत्कार झाला की माणसं यायची लाजतात हो. मोठी झाली म्हणतात, यांच्याकडे आता चप्पल घालून कसं जायचं म्हणतात.’ भाऊ काही बोलले नाहीत, पण त्यांना आवडलं असतं असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. शेवटी तीन अटींवर होकार मिळाला. थैली द्यायची नाही. कोणत्याही मुलाला स्टेजवर बोलवायचं नाही. आणि कार्यक्रमाच्या दाराशी एक टेबल टाकायचं, फॉर्मला लागणाऱ्या कागदांची यादी तिथं वाटायची. अर्ज तेव्हा सुरू व्हायचेच होते. तिसऱ्या अटीवर कार्यकारिणीत कुरकुर झाली (‘हा सत्कार आहे की सेतू केंद्र?’), पण अध्यक्षांनी ती मान्य केली.

मग मी मानपत्र लिहायला बसलो, आणि खरंच एका बैठकीत लिहूनही टाकलं. आता तो कागद पाहिला की घाम फुटतो. सुरुवात ‘ज्ञानगंगा गोरगरिबांच्या दारी नेणारे आधुनिक भगीरथ’ अशी होती. खाली ‘जोतीराव-सावित्रीबाईंचा वारसा’ होता, ‘निरपेक्ष वृत्ती’ होती, ‘चंदनासारखे झिजणे’ होतं. आणि तिसऱ्या परिच्छेदात भाऊंचं कार्य सांगून झाल्यावर एक वाक्य: ‘त्यांच्या या कार्यात त्यांच्या सुविद्य पत्नी सौ. ताई यांची समर्थ साथ लाभली.’

मी तो खर्डा त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवला. ताई जमिनीवर बसून झेरॉक्सचे गठ्ठे लावत होत्या. एका हातात स्टेपलर, समोर आठ-दहा ढीग. माझं वाचून झाल्यावर त्यांनी दोन कागद टाचले आणि म्हणाल्या, ‘छान लिहिलंय. मागच्या वर्षी त्या डॉक्टरांना दिलंत तेही असंच होतं ना?’

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, त्यांना खरोखरच तसं आठवत होतं. मी घरी येऊन जुनी फाइल काढली. डॉक्टरही चंदनासारखे झिजले होते. भगीरथही होता, फक्त गंगा आरोग्याची होती.

दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि ‘साथ’ या शब्दावरून दोघांत जुंपली. भाऊ म्हणाले, ‘साथ कसली? काम सगळं हिचं. मी सायकल मारतो एवढंच.’ त्यावर ताई: ‘तसंही लिहू नका हां. मग लोक म्हणतील, नवरा बिचारा हिच्या पिशव्या उचलत फिरतो.’ मी विचारलं, मग नेमकं लिहू काय? ताई म्हणाल्या, ‘आम्ही काय करतो ते बघा ना आधी.’ इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, याची लाज वाटली. पुढचे तीन दिवस संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसलो.

पहिली संध्याकाळ वहीत गेली. ताईंकडे अंगणवाडीत वापरायचे तसलं लांब रजिस्टर आहे. पट्टीने पेन्सिलीच्या रेघा मारलेल्या. पहिल्या रकान्यात मुलाचं नाव, दुसऱ्यात आईचा फोन (‘बापाचा नंबर महिन्याला बदलतो’), आणि मग एकेका कागदाचा एकेक रकाना. जन्माचा दाखला. राहण्याचा पुरावा. जातीचा दाखला किंवा उत्पन्नाचा. कागद आला की टिंब, तपासला की टिंबाभोवती गोल. मुलाच्या जन्माची नोंद पालिकेत सापडत नसेल तर अंगणवाडीच्या रजिस्टरमधला दाखलाही चालतो. हे नियमात आहे, पण ते माहीत असलेला माणूस खिडकीपलीकडे क्वचितच भेटतो. ताईंना ते माहीत होतं, कारण अशा नोंदी आयुष्यभर त्यांनीच केल्या होत्या. अंगणवाडी सेविकेला पगार मिळत नाही, मानधन मिळतं. त्या शब्दात मानही आहे आणि धनही, आणि दोन्ही कसे मिळतात हे कोणत्याही सेविकेला विचारावं.

जात प्रवर्गातून अर्ज असेल तर उत्पन्नाची अट नाही. खुल्या गटातल्या दुर्बल कुटुंबाला मात्र वर्षाला १ लाखाच्या आतला तहसीलदारांचा दाखला लागतो. म्हणजे महिन्याला सव्वाआठ हजारांच्या आसपास. नवरा-बायको दोघं रोज कामावर जात असतील आणि काम रोज मिळत असेल, तर ती दोघं या व्याख्येत गरीब उरत नाहीत. ताई यावर भाषण करत नाहीत. त्या रकान्यात फक्त एक फुली असते.

दुसरी संध्याकाळ भाऊंच्या फुग्याची. फॉर्म ऑनलाइन असतो आणि त्यात नकाशावर आपलं घर दाखवावं लागतं. नकाशावर एक फुगा असतो, तो हलवून घरावर ठेवायचा. शाळेपासूनचं अंतर त्यावरून मोजलं जातं आणि अंतरावर पुढचं सगळं. आधी १ किलोमीटरच्या आतली मुलं, मग ३ किलोमीटरपर्यंतची. आता आमची वस्ती नकाशात कशी दिसते? एक करडा डाग. गल्ल्या नाहीत, चाळींची नावं नाहीत. सायबर कॅफेतला पोरगा फुगा हमरस्त्यावर ठेवून मोकळा होतो. पुढे पडताळणीत अंतर जुळलं नाही की सोडतीत लागलेला नंबर जातो. भाऊंनी या गल्ल्यांत तीस वर्षं टपाल वाटलेलं. ते त्या पोराच्या खुर्चीमागे उभे राहतात आणि सांगतात, ‘वर घे. अजून. नाल्याच्या अलीकडे. हां, पिंपळ ओलांडून तिसरं.’ नकाशात ना नाला होता ना पिंपळ. पोराने फुगा सोडला आणि भाऊंनी चष्मा वर करून पडद्याला जवळजवळ नाक लावलं. ‘अर्धा बोट डावीकडे.’ मी हे पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, ‘आधुनिक भगीरथ’ काय, अर्धा बोट डावीकडे लिहायला हवं.

तिसरी संध्याकाळ घरमालकांची. भाड्याने राहणाऱ्यांना राहण्याचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. तोही किमान ११ महिन्यांचा, आणि फॉर्म भरण्याच्या आधीचा. दहा बाय दहाची खोली भाड्याने देणारा मालक नोंदणी कशाला करील? त्याला कर दिसतो, कोर्ट दिसतं, भाडेकरू कायमचा चिकटेल ही भीती दिसते. तर भाऊ आणि ताई मालकांच्या घरी जातात. हे काम दोघांनी मिळूनच करायचं असतं, त्यांनी मला समजावलं. भाऊ ओट्यावर बसून मालकाशी जुन्या गप्पा मारतात, कुणाची मनीऑर्डर कधी आली होती वगैरे. ताई आत मालकिणीपाशी. मालकीण बाहेर येऊन ‘द्या की हो करून’ म्हणाली की काम झालं. नाही म्हणाली तर वर्ष गेलं. नोंदणीचा खर्च कोण देतं, असं मी विचारलं तेव्हा दोघांनीही विषय बदलला. मी वहीत लिहून घेतलं आणि मानपत्रात घातलं नाही.

ही वही डोळ्यांसमोर असताना कार्यकारिणीने मला आकडा मागितला. ‘एकूण किती मुलांना प्रवेश मिळवून दिला? बॅनरवर टाकू.’ मागणी रास्त होती. मी रजिस्टर मागितलं आणि मोजायला लागलो. ताई म्हणाल्या, ‘काय मोजताय? फॉर्म भरले ते, की नंबर लागले ते, की आठवीनंतर टिकली ती?’

हा तिसरा प्रश्न मला कळलाच नाही. त्यांनी समजावून सांगितला. कायदा ६ ते १४ वयोगटाचा, मोफत शिक्षण आठवीपर्यंत. आठवी संपली की त्याच शाळेत, त्याच बाकावर नववीची पूर्ण फी. आठ वर्षं इंग्रजी माध्यमात काढलेली मुलगी तेव्हा एकतर फी भरते, नाहीतर दुसऱ्या शाळेत जाते, नाहीतर घरी बसते. रजिस्टरच्या मागच्या बाजूने, उलटं धरून, ताईंनी नववीची वेगळी यादी सुरू केलीय. तिथं भाऊंचं अक्षर आहे. कोणत्या अनुदानित शाळेत जागा आहे, कोणत्या तुकडीत, मुख्याध्यापक भेटतात केव्हा. त्या यादीत खोडलेली नावंही आहेत. मी मोजणं थांबवलं. बॅनरवर आकडा गेला नाही. एका सभासदाला ते आजही पटलेलं नाही. त्यांच्या मते आकड्याशिवाय देणगीदार हलत नाही, आणि ते खोटं बोलत नाहीत.

२०२४ सालाबद्दल मी मुद्दाम विचारलं, कारण त्या वर्षी पेपरात सारखं येत होतं. फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलला: १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा ठेवण्याची गरज नाही. शहरात अशी शाळा नाही असं ठिकाण शोधूनच काढावं लागेल, म्हणजे खासगी शाळा जवळपास सगळ्याच सुटल्या. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने बदलाला स्थगिती दिली, अर्ज पुन्हा मागवले गेले, आणि जुलैत न्यायालयाने तो बदल रद्दच केला. पेपरात ही तीन बातम्यांची गोष्ट. ताईंच्या रजिस्टरात त्या वर्षाची पानं दुप्पट आहेत. तीच नावं, तेच फोन, पुन्हा पहिल्यापासून टिंबं. भाऊ म्हणाले, ‘पहिल्यांदा भरलेले कागद आयांनी गादीखाली ठेवलेले होते म्हणून बरं.’ शाळांवर मात्र भाऊ तोंडसुख घेत नाहीत. सरकारकडून फीची प्रतिपूर्ती वेळेत येत नाही, छोट्या शाळा मेटाकुटीला येतात, हे ते आवर्जून सांगतात. एका शाळेने या मुलांना वेगळ्या रांगेत बसवलं होतं, तेव्हा मात्र दोघं तिथं जाऊन बसले होते. शाळेचं नाव त्यांनी सांगितलं नाही.

मुलाला स्टेजवर न आणण्याची अटही मधेच डगमगली. एका सदस्याच्या ओळखीची मुलगी होती, याच जागांवर शिकून पुढे गेलेली, छान बोलणारी. तिने दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला. मी ताईंकडे गेलो तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. ‘वर्गात आठ वर्षं तिला कुणी ना कुणी फुकटातली म्हणालंय. आता माईकवर परत सांगायचं?’ मुलगी कार्यक्रमाला आली होती. तिसऱ्या रांगेत बसली होती, टाळ्या वाजवत होती, आणि ती कोण हे सभागृहातल्या चार-पाच जणांनाच माहीत होतं.

आता लिहिणं. मी पहिल्यांदा सगळी विशेषणं काढली. मग माझ्या लक्षात आलं की उपमा काढवत नाहीयेत, विशेषतः जोतीराव-सावित्रीबाईंची. ३ जानेवारीचा कार्यक्रम, नवरा-बायको, शिक्षण. उपमा पायात येऊन पडली होती. म्हणून वाचनालयातली दोन-चार चरित्रं खाली काढून बसलो. १६ नोव्हेंबर १८५२ ला पुण्यात विश्रामबागवाड्यात इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला, शालजोडी देऊन. तेव्हा सावित्रीबाई २१ वर्षांच्या होत्या आणि मुलींना शिकवत होत्या. शाल मात्र एकाच्या खांद्यावर. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. भाऊरावांची रयत शिक्षण संस्था १९१९ ची, लक्ष्मीबाई १९३० मध्ये गेल्या. त्यांच्याबद्दल सांगताना आपण मंगळसूत्रापाशीच थांबतो. त्या रोज किती मुलांचं रांधत होत्या, आजारी मुलाच्या उशाशी किती रात्री बसल्या, याला पुरेशी ओळ मिळत नाही. माझं ‘समर्थ साथ’ याच घराण्यातलं होतं. उपमा काढून टाकली. फक्त एक गोष्ट ठेवावीशी वाटली, तीही मानपत्रात न घालता निवेदनात घातली: १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली होती. २००९ चा कायदा यायला त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षं गेली.

मराठीतली एक अडचण मला या कामात पहिल्यांदा जाणवली. ‘दांपत्य’ हा शब्द नपुंसकलिंगी, एकवचनी. ‘या दांपत्याने केले’ म्हटलं की दोन माणसं विरघळून एक गोळा होतो. म्हणून मी थेट ‘तुम्ही दोघं’ असं संबोधलं, आणि जिथं काम वेगळं तिथं नाव वेगळं घेतलं. मानपत्र प्रमाण भाषेतच असावं अशी आमच्याकडे प्रथा, पण बोलीतलं राहू दिलं. सातव्या खर्ड्यातला मधला भाग असा होता:

‘कोणाच्या मुलाची जन्मनोंद नाही आणि कोणाचा करार झालेला नाही, हे तुम्हा दोघांना अर्ज सुरू होण्याआधी ठाऊक असतं. ताई, तुम्ही कागदाला कागद जोडता. भाऊ, नकाशात नसलेलं घर तुम्ही नकाशावर दाखवता. मालकाच्या ओट्यावर आणि मालकिणीच्या स्वयंपाकघरात एकाच वेळी बसावं लागतं, म्हणून तुम्ही दोघं जाता. ज्यांचा नंबर लागला नाही त्यांची नावं तुमच्या वहीत तशीच आहेत.’

शेवटचं वाक्य ताईंनी घालायला लावलं. सत्काराच्या कागदावर न जमलेलं कशाला, असं अध्यक्षांना वाटत होतं. ताई म्हणाल्या, ‘त्या आया पण येणार आहेत कार्यक्रमाला.’ त्यावर कोणी काही बोललं नाही.

नावांबद्दल ताईंचं एकच म्हणणं होतं: ‘श्री.-सौ. काही नको, नुसती नावं.’ मी तसंच लिहून दिलं. आदल्या दिवशी फ्रेम आणायला गेलो तर ताईंच्या नावामागे ठळक ‘सौ.’! डीटीपीवाला खूश होऊन म्हणाला, ‘काका, तुमचं सौ. राहिलं होतं, मी घातलं.’ त्याने बिचाऱ्याने चूक सुधारली होती. पुन्हा छापलं, पुन्हा फ्रेम झाली, आणि पहिल्या फ्रेमचे पैसे मी खिशातून दिले, कारण खजिनदारांना हे कसं सांगायचं ते मला सुचेना.

कार्यक्रम झाला तसा झाला. माईक दोनदा गेला. शाली दोन आणल्या होत्या. पाहुणे बरेच बोलले. मानपत्र मीच वाचलं, आणि ‘नकाशात नसलेलं घर’ या वाक्याला मागच्या रांगेतून कोणीतरी ‘खरंय’ असं मोठ्याने म्हणालं. एवढी दाद मला आजवर मिळालेली नाही. भाऊ दोन मिनिटं बोलले, त्यात दीड मिनिट कोणत्या कागदाला किती दिवस लागतात ते. ताईंनी माईक घेतलाच नाही. दाराशी ठेवलेल्या याद्या संपल्या, वर झेरॉक्स काढून आणाव्या लागल्या. ती गर्दी आवरता आवरता दोघं फ्रेम खुर्चीवर विसरून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती पोहोचवायला गेलो. उंबऱ्याशी एक बाई बसलेली, मांडीवर पोरगी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. ताईंनी माझ्या हातातून फ्रेम घेतली, भिंतीला पाठ लावून उभी केली आणि म्हणाल्या, ‘आलाच आहात तर बसा. माझा चष्मा सापडत नाहीये. यांचा भाडेकरार वाचून दाखवा बघू, तुमचं वाचन स्पष्ट आहे.’

मी वाचू लागलो. नोंदणी झालेली होती. नाव बरोबर, पत्ता बरोबर, सह्या होत्या. कालावधीच्या ओळीपाशी आलो. दहा महिने.

‘परत वाचा,’ ताई म्हणाल्या. मी परत वाचलं. भाऊ आतून सायकलची किल्ली घेऊन बाहेर आले.